थंड खोलीचें कोडें

पुण्याची थंडी गुलाबी असते असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पौषांतल्या सकाळीं शाल पांघरून नदीकांठानें फिरावयास निघालेल्या गृहस्थास ती तशी वाटतही असेल. परंतु ज्या विद्यार्थ्यास पहांटे चार वाजतां उठून, उत्तरेकडील खोलींत, उघड्या फरशीवर बसून परीक्षेचा अभ्यास करावयाचा असतो, त्याला त्या गुलाबाचे कांटेच अधिक बोंचतात. वेधशाळेच्या नोंदींप्रमाणें पुण्यांतील आजवरचें नीचतम उष्णमान १.७ अंश सेल्सिअस असून तें १७ जानेवारी १९३५ रोजीं नोंदलें गेलें. अशी रात्र क्वचितच येते. परंतु आठ ते दहा अंशांच्या रात्री बहुतेक प्रत्येक हिवाळ्यांत येतात. आपलें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यांत येथील हवा कोरडी व आकाश निरभ्र असतें, आणि म्हणून दिवसभरांत जमिनीनें मिळविलेली उष्णता रात्रीं आकाशाच्या दिशेनें झपाट्यानें निघून जाते. दुपारीं तीस अंश आणि पहांटे दहा, असा वीस अंशांचा चढउतार एकाच दिवसांत सोसणें हें पुणेकरांच्या अंगवळणीं पडलें आहे.

प्रस्तुत लेखांत थंडीचें वर्णन करण्याचा हेतु नाहीं. खोली थंड कां पडते, आणि ती ऊबदार ठेवावयाची तर विस्तव वाढविण्यापूर्वीं कशाकडे लक्ष दिलें पाहिजे, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे. प्रश्न घरगुती दिसतो. परंतु त्यांत पदार्थविज्ञानाचे जेवढे धडे साठले आहेत तेवढे प्रयोगशाळेच्या एखाद्या कपाटांतही सांपडणार नाहींत.

‘खिडकींतून थंडी आंत शिरते’ असें आपण बोलतों. शास्त्रीय दृष्टीनें हें वाक्य उलटें आहे. थंडी नांवाचा कांहीं पदार्थ नाहीं. उष्णता बाहेर जाते, आणि तिच्या जाण्यालाच आपण थंडी म्हणतों. ती जाण्याच्या वाटा वर्गांत शिकविलेल्या त्याच : भिंत, छप्पर व कांच यांतून वहनानें, हालत्या हवेबरोबर अभिसरणानें, आणि मध्यें कोणताही पदार्थ नसला तरी प्रारणानें. खोलीच्या बाबतींत यांपैकीं हवेची वाट सर्वांत कपटी असते. भिंत डोळ्यांना दिसते, कांच दिसते. परंतु दाराच्या तळाची बोटभर फट, चौकट व भिंत यांमधील उकललेला गिलावा, न बसणारी खिटी, यांतून ऊबदार हवा निघून जाते आणि तिच्या जागीं बाहेरची गार हवा येते, हें ध्यानांत येत नाहीं.

थोडें गणित करून पाहूं. चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी एक खोली घ्या. तिच्यांत ४२ घनमीटर हवा मावते. एका घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलोग्रॅम, तेव्हां खोलींतील हवेचें वजन पन्नास किलोग्रॅम, म्हणजे धान्याच्या एका पोत्याएवढें भरलें. हवेला वजन नसतें असें ज्यांना अजून वाटतें त्यांनीं हा आंकडा पुन्हां एकदां वाचावा. एक किलोग्रॅम हवा एक अंशानें तापविण्यास सुमारें एक किलोजूल उष्णता लागते. म्हणून ही सारी हवा दहा अंशांनीं तापविण्यास ५०० किलोजूल पुरतील. एक हजार वॉटची विजेची शेगडी दर सेकंदास एक किलोजूल देते. तेव्हां ५०० सेकंदांत, म्हणजे साडेआठ मिनिटांच्या आंत, खोली ऊबदार व्हावयास पाहिजे.

प्रत्यक्षांत तासभर शेगडी लावूनही पाय गारच राहतात. याचें एक कारण हें कीं भिंती, फरशी व सामान यांना हवेच्या कितीतरी पट उष्णता लागते. दुसरें कारण हें कीं आपण जी हवा तापवितों ती खोलींत राहत नाहीं. फटींतून तासाभरांत सगळी हवा एकदां बदलली तर तासाला ५०० किलोजूल गेले, म्हणजे सुमारें १४० वॉट. खिडक्या ढिल्या असून बाहेर वारा असेल तर हीच अदलाबदल तासांत चार वेळां सहज होते. तेव्हां ५६० वॉट गेले. शेगडीची निम्म्याहून अधिक शक्ति रस्ता तापविण्यांत खर्ची पडली! याच्या तुलनेनें कांचेंतून जाणारी उष्णता पाहा. एकेरी कांचेच्या दर चौरस मीटरमधून, आंतबाहेर एका अंशाचा फरक असतां, पांच ते सहा वॉट जातात; दोन चौरस मीटर कांच व दहा अंशांचा फरक धरला तर सुमारें ११० वॉट. म्हणजे चोर मुख्यत्वें कांचेंतून नव्हे, फटींतून पळतो.

आणि ही फट तरी केवढी? एक मीटर रुंद व दीड मीटर उंच खिडकीची परिमिति पांच मीटर. तिच्या भोंवतीं केवळ दोन मिलिमीटरची, म्हणजे सातआठ पोस्टकार्डें एकावर एक ठेवल्यास होईल तेवढ्या जाडीची फट राहिली तरी तिचें एकूण क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर होतें. भिंतीस दहा सेंटिमीटर लांब व तितकेंच रुंद भोंक पडलें असतें तर आपण त्याच दिवशीं गवंडी बोलाविला असता. तेंच भोंक ताणून पांच मीटर लांब केलें म्हणजे तें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं पुण्यांत जे वाडे बांधले त्यांची रचना या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. जोतें दगडाचें, त्यावर विटामातीच्या हात-दीड हात रुंदीच्या भिंती, रस्त्याकडे मोजक्या खिडक्या, आणि उजेड-वाऱ्यासाठीं आंत चौक. जाड भिंत दुपारची उष्णता हळूहळू पिऊन घेते व रात्रीं हळूहळू परत देते. वीस अंशांच्या चढउताराचे कांठ ती घांसून बोथट करते. विश्रामबाग वाड्यासारखी एखादी जुनी इमारत पाहावयास गेलांत तर नक्षीबरोबर भिंतीची जाडीही पाहून यावें. मात्र त्याच वाड्यांच्या खिडक्यांना बहुधा कांचा नसत. लांकडी झडपा असत, त्या उन्हापावसानें आक्रसत व फुगत. म्हणून थंडीच्या रात्रीं दारावर घोंगडें किंवा गोणपाट टांगण्याची चाल होती. ती दारिद्र्याची खूण नसून उत्तम पदार्थविज्ञान होतें, असें माझें मत आहे.

आतां अशा एका खोलीकडे वळूं, जिच्या थंडीची नोंद महाराष्ट्राच्या चरित्रवाङ्मयांत राहून गेली आहे. ती खोली पुण्यांत नव्हती, अमेरिकेंत होती. परंतु तींत राहणाऱ्या विद्यार्थिनीनें अखेरचा श्वास पुण्यांत घेतला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. त्यांचे पति गोपाळराव यांनीं कोल्हापुरास कार्य केलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशीं जो पत्रव्यवहार केला तो एका मिशनरी नियतकालिकांत छापून आला. न्यू जर्सीमधील रोझेल गांवच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांनीं तो वाचला, आणि कधींही न पाहिलेल्या या मुलीस मायेनें पत्र धाडलें. त्या ओळखीच्या आधारावर आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून जहाजांत बसल्या. त्या वेळीं त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. त्याच वर्षाच्या शरद् ऋतूंत त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या.

फिलाडेल्फियांत जानेवारी महिन्याचें सरासरी उष्णमान शून्य अंशाच्या आसपास असतें. आपल्या देशाच्या हवेंत वाढलेल्या देहास हें केवढें संकट! थंडीपासून अंग झांकलें जावें म्हणून त्यांना नऊवारी लुगडें सोडून गुजराती पद्धतीनें साडी नेसावी लागली. राहण्याच्या खोलींत भिंतींतली आगटी होती. परंतु तिची रचना नीट नसल्यानें ती पेटविली कीं खोलीभर धूर होई. विस्तव करावा तर धूर सोसावा लागे. न करावा तर थंडी. या दोहोंतून एक निवडून त्यांनीं अभ्यास केला, आणि ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळविली.

धूर कीं थंडी, हा पेंच केवळ दुर्दैवाचा नव्हता. त्यामागें निसर्गाचा नियम आहे. उघड्या आगटींत विस्तव पेटला म्हणजे तापलेली हलकी हवा धुरांड्यांतून वर चढते. जेवढी हवा वर गेली तेवढी कोठून तरी खोलींत आलीच पाहिजे. ती येते दाराखिडक्यांच्या फटींतून, आणि येते ती बाहेरची बर्फासारखी गार. म्हणून उघड्या आगटीपुढें बसणाऱ्याचा चेहरा भाजतो व पाठ गारठते. विस्तव जितका मोठा तितका पाठीमागचा झोतही मोठा. थंडीला कंटाळून सर्व फटी बुजविल्या तर धुरांड्यास ओढावयास हवा मिळत नाहीं, आणि धूर खोलींत मागें फिरतो. खिडकी किलकिली केली तर धूर जातो व थंडी येते. ज्या खोलींत विस्तवासाठीं हवेची निराळी सोय नाहीं, तेथें हा पेंच कोणाच्याही वांट्यास यावयाचा.

नवल असें कीं या रोगाचें निदान त्याच फिलाडेल्फियाच्या एका नागरिकानें शंभर वर्षें आधींच करून ठेविलें होतें. बेंजामिन फ्रँकलिन याची कीर्ति आपण विजेच्या पतंगामुळें ऐकतों. परंतु घरांतल्या धुराचा व थंडीचा विचार त्यानें आयुष्यभर केला. इसवी सन १७४२ च्या सुमारास त्यानें लोखंडी पत्र्यांची एक नवी आगटी योजिली. तींत धूर वळसे घेऊन जाई व जातां जातां खोलीची हवा तापवी. तिचें वर्णन त्यानें १७४४ मध्यें छापून प्रसिद्ध केलें, आणि तिचें पेटंट देऊं केलें असतां तें नाकारलें. पुढें १७८५ सालीं, वृद्धपणीं यूरोपहून घरीं परततांना, जहाजावर बसून त्यानें धुरकट धुरांड्यांवर एक दीर्घ पत्र लिहिलें. धूर मागें फिरण्याचीं जीं कारणें त्यानें त्यांत सांगितलीं त्यांत पहिलें हेंच होतें कीं नव्या घट्ट बांधणीच्या घरांत विस्तवास पुरेशी हवा मिळत नाहीं. ज्ञान शहरांत होतें, ग्रंथांत होतें. खोलींत मात्र पोंचलें नव्हतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आनंदीबाईंचा अंत क्षयानें झाला, आणि क्षय हा थंडीनें होत नाहीं. तो जंतूंनीं होतो. तो जंतु रॉबर्ट कॉख यानें १८८२ सालीं, म्हणजे त्या अमेरिकेस जाण्याच्या आदल्याच वर्षीं, शोधून काढला होता. धुरानें व गारठ्यानें त्यांना मारिलें असें म्हणणें शास्त्रास धरून होणार नाहीं. परंतु अपुरें अन्न, अतिश्रम, धूर व थंडी यांनीं शरीराची प्रतिकारशक्ति खचते, हेंही तितकेंच खरें आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्या निवर्तल्या तेव्हां त्यांना बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

ज्या १८८३ सालीं आनंदीबाई त्या थंड खोलींत राहावयास गेल्या, त्याच सालीं अमेरिकेच्या दुसऱ्या एका भागांत एका शिक्षकानें खोलीच्या उष्णमानाचा प्रश्न निराळ्याच बाजूनें सोडविला. विस्कॉन्सिन संस्थानांतील व्हाइटवॉटर गांवीं शिक्षक तयार करणारी एक शाळा होती. तेथें वॉरन जॉन्सन हे अध्यापक होते. भट्टी तळघरांत, वर्ग वरच्या मजल्यांवर; वर्ग तापला कीं गारठला हें पाहण्यास शाळेचा शिपाई दर थोड्या वेळानें दार उघडून आंत येई, उष्णतामापक पाही, आणि खालीं जाऊन भट्टीच्या झडपा हालवी. धडा मात्र प्रत्येक वेळीं मोडे. जॉन्सन यांनीं विजेच्या तारेचें एक यंत्र बसविलें; खोलीचें उष्णमान ठराविक मर्यादेस पोंचलें कीं तळघरांत घंटा वाजे. या युक्तीचें पेटंट त्यांस १८८३ मध्यें मिळालें. आज जगभर ज्यास थर्मोस्टॅट म्हणतात त्या उष्णतानियामकाच्या इतिहासांत एका शाळेच्या वर्गाला असें मानाचें स्थान आहे, ही गोष्ट शाळेच्या अंकांत नमूद करण्यास आनंद वाटतो.

थर्मोस्टॅटचें तत्त्व सोपें आहे. पितळ व लोखंड यांच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ जोडून तापविल्या तर पितळ अधिक प्रसरण पावतें व जोडपट्टी वांकते. हा प्रयोग आपण वर्गांत पाहतों. वांकणाऱ्या टोंकानें विजेचा संपर्क तुटावा अशी योजना केली कीं झाला थर्मोस्टॅट. घरच्या इस्त्रींत, पाणी तापविण्याच्या गीझरमध्यें, शीतकपाटांत याच जातीचा पहारेकरी बसलेला असतो. त्याचें काम उष्णता निर्माण करण्याचें नसून ‘आतां पुरे’ व ‘आतां हवी’ एवढें सांगण्याचें असतें.

थंड देशांतील घरांत आतां उघड्या आगटीऐवजीं बहुधा रेडिएटर असतात. बॉयलरमध्यें तापलेलें पाणी नळांतून खोलोखोलीं फिरतें, आणि खिडकीखालच्या पोकळ लोखंडी पेटींतून जातांना आपली उष्णता सोडतें. (त्याचें नांव प्रारणावरून पडलें आहे खरें, परंतु तो पुष्कळशी उष्णता हवेच्या अभिसरणानेंच देतो. नांवें ठेवणाऱ्यांनीं विज्ञानाचा तास चुकविला असावा.) विस्तव खोलींत नसल्यानें धुराचा प्रश्न मिटला व धुरांड्याची ओढही मिटली. रेडिएटर खिडकीखालीं ठेवण्यांत मोठें शहाणपण आहे. कांचेस लागलेली हवा थंड होऊन जड होते व खालीं ओघळते. खिडकींत एकही फट नसली तरी पायांवरून वाऱ्याची झुळूक गेल्यासारखें वाटतें तें याच कारणानें. रेडिएटरवरून वर चढणारी ऊबदार हवा त्या ओघळास वाटेंतच अडविते.

रेडिएटरच्या एका टोंकास जी मूठ असते तींत थर्मोस्टॅट बसविण्याची कल्पना डेन्मार्कचे अभियंते मॅड्स क्लॉसेन यांनीं १९४३ सालीं काढली. मुठीच्या पोटांत मेण किंवा द्रव भरलेली लहानशी कुपी असते. भोंवतालची हवा तापली कीं तिच्यांतील पदार्थ प्रसरण पावून एक दांडी पुढें ढकलतो व पाण्याची झडप मिटत जाते. हवा गार झाली कीं झडप उघडते. वीज नाहीं, घंटा नाहीं, शिपाई नाहीं.

पुण्यांतून दरवर्षीं कित्येक तरुण इंग्लंड, जर्मनी व कॅनडा येथें शिक्षणासाठीं जातात. आनंदीबाईंप्रमाणें त्यांच्यापुढें धुराचा पेंच नसतो. परंतु ‘रेडिएटर आहे आणि खोली थंड आहे’ अशी तक्रार त्यांच्या बोलण्यांत वारंवार येते. आपल्यापैकीं कोणास पुढें तिकडे जावयाचें असेल त्यानें पुढील विवेचन ध्यानांत ठेवावें. मुठीवर १ पासून ५ पर्यंत आंकडे असतात. ते विस्तवाच्या जोराचे नसून मुक्कामाचे आहेत. ३ हा आंकडा बहुधा २० अंशांच्या जवळपासचा असतो. खोली लौकर तापावी म्हणून ५ वर मूठ फिरविणारा मनुष्य फक्त मुक्काम लांब नेतो. वेग वाढत नाहीं. शिवाय ती कुपी खोलीचें नव्हे, आपल्या भोंवतींच्या वीतभर हवेचें उष्णमान जाणते. मुठीवर जाड पडदा पडला अथवा तिच्यापुढें पलंग सरकविला तर कोंडलेली ऊब तिला पुरेशी वाटते आणि ती झडप मिटून घेते. इकडे टेबलापाशीं बसलेला विद्यार्थी कुडकुडत असतो. उलट खिडकीच्या फटींतील गार झोत नेमका मुठीवर पडला तर खोली तापली तरी झडप मिटत नाहीं.

निदान करतांना प्रथम रेडिएटरला हात लावून पाहावा. तो सर्वत्र गार असून शेजारच्या खोलींतला गरम असेल, तर उन्हाळ्यांत मिटून राहिलेल्या झडपेची दांडी चिकटली असण्याचा संभव असतो. मूठ काढून दांडी हलक्या हातानें आंतबाहेर केली असतां ती बहुधा सुटते. खालचा भाग गरम व वरचा गार असेल, तर वर हवा कोंडली आहे असें समजावें. तापविणें बंद करून, खालीं फडकें धरून, वरच्या बाजूचा लहान पेंच किल्लीनें किंचित् सैल केला कीं हवा फुसफुसत निघून जाते, आणि पाणी दिसतांच तो पुन्हां आवळावयाचा. भट्टीपासून सर्वांत दूरचाच रेडिएटर कोंबट राहत असेल, तर जवळचे भाऊबंद पाणी पळवीत आहेत. त्यांच्या दुसऱ्या टोंकाची झडप थोडी आवळली पाहिजे, आणि हें काम माहीतगारावर सोंपविणें बरें. पुष्कळ घरांत बॉयलरचा मुख्य थर्मोस्टॅट दिवाणखान्यांत किंवा बोळांत असतो; ती जागा ऊबदार झाली कीं बॉयलर थांबतो, मग दूरची खोली कितीही गार असो. अशा वेळीं दूरच्या खोलीची मूठ फिरवून कांहीं साधत नाहीं. आणि रेडिएटर वरपासून खालपर्यंत कढत असूनही खोली गारच राहत असेल, तर त्या बिचाऱ्याचा पिच्छा सोडून खिडकीकडे जावें. दोष तेथें आहे.

पुन्हां पुण्यास येऊं. येथें रेडिएटर नाहींत, आणि ते नसावेत हेंच योग्य. ज्या गांवीं हिवाळ्यांतही दुपारीं तीस अंश उष्णता फुकट मिळते तेथें ती रात्रीपर्यंत सांभाळली म्हणजे पुरे. दक्षिणेकडील व पश्चिमेकडील खिडक्यांचे पडदे दुपारीं उघडे ठेवून ऊन फरशीवर व भिंतींवर पडूं द्यावें, आणि सूर्य मावळण्यापूर्वीं खिडक्या लावून घ्याव्या. आपल्याकडे बहुधा याच्या नेमकें उलट होतें : दुपारीं उन्हाचा त्रास म्हणून पडदे ओढलेले, आणि संध्याकाळीं मोकळ्या हवेसाठीं सगळें घर उघडें.

फटी शोधण्यास उदबत्तीसारखें साधन नाहीं. वारा वाहत असेल अशा रात्रीं पंखे बंद करून पेटलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोंवतीं, दाराच्या तळाशीं, विजेच्या तारा जेथून आंत येतात त्या भोंकांपाशीं हळूहळू फिरवावी (पडदे तेवढे आधीं बाजूस सारावे). धुराची रेघ जेथें वांकडी होईल तेथें खडूनें खूण करावी. जुन्या लांकडी खिडक्यांच्या कांचा सैल झाल्या असतील तर लांबी भरावी. झडपा व चौकट यांमध्यें नमद्याची किंवा जुन्या लोंकरीची पट्टी चिकटवावी. चौकट व भिंत यांमधील भेग गिलाव्यानें बुजवावी. दाराखालच्या फटीस गोधडीची घट्ट गुंडाळी पुरते. हल्लींच्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. त्यांच्या कडेला ब्रशासारखी केसाळ पट्टी असते. ती झिजली कीं खिडकी शीळ घालूं लागते. ती पट्टी थोड्या पैशांत बदलून मिळते. पण लोक ती बदलण्याऐवजीं विजेची शेगडी विकत आणतात, हें मीं पुष्कळ घरीं पाहिलें आहे.

मात्र फटी बुजविण्याच्या उत्साहांत एक गोष्ट कदापि विसरूं नये. घट्ट बंद केलेल्या खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें म्हणजे मृत्यूस निमंत्रण होय. कोळसा पुरेशा हवेशिवाय जळला कीं कार्बन मोनॉक्साइड हा वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां त्याला दोनशेंहून अधिक पट जोरानें धरून ठेवतें. मनुष्यास प्रथम डोकें जड वाटतें, मग झोंप येते, आणि त्या झोंपेंतून तो उठत नाहीं. फ्रँकलिनचा नियम येथें उग्र रूपानें पुढें येतो : विस्तव आणि माणूस एकाच कोंडलेल्या हवेवर जगूं शकत नाहींत. न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरसही हाच नियम लागू आहे. थंडी वाजते म्हणून न्हाणीघराचा झरोका कागदानें बुजविणारीं माणसें आहेत. जेथें गॅसचा गीझर आंत बसविला असेल तेथें तो कागद आजच काढून टाकावा.

विस्तव नसला तरीही माणसांस हवा लागतेच. ज्या क्षयानें आनंदीबाईंस नेलें त्याचे जंतु रोग्याच्या खोकल्याबरोबर हवेंत उडतात व कोंडलेल्या खोलींत बराच वेळ तरंगत राहतात, हें आतां सिद्ध झालें आहे. तेव्हां फट आणि झरोका यांत भेद केला पाहिजे. फट आपल्या इच्छेवांचून वारा आणते, आणि तोही बहुधा पायांवर व पाठीवर. झरोका उंचावर असतो, आणि तो किती उघडावयाचा हें आपल्या हातीं असतें. जुन्या शाळांच्या इमारतींत छताजवळ दोरीनें उघडणाऱ्या झडपा असतात त्या याचसाठीं. वापरून गरम झालेली हवा वर चढून तेथून निघून जाते व बसणाऱ्यांच्या अंगावर झोत येत नाहीं. कित्येक ठिकाणीं त्या दोऱ्या तुटल्या आहेत आणि झडपा रंगानें चिकटून बसल्या आहेत.

वर्गाला तर शेगडीची गरजच नाहीं. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या देहांतून सुमारें शंभर वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते. मुलांच्या बाबतींत थोडी कमी धरली तरी चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग म्हणजे तीन किलोवॉटची शेगडी झाली, आणि ती फी भरून येते! डिसेंबरांत सकाळच्या पहिल्या तासाला वाऱ्याच्या बाजूच्या खालच्या खिडक्या लावून, समोरच्या बाजूच्या उंचावरील झडपा तेवढ्या उघड्या ठेवाव्या. दुसऱ्या तासाच्या सुमारास वर्गाची हवा आपोआप सुसह्य होते. मधल्या सुटींत सर्व खिडक्या दहा मिनिटें सताड उघडून हवा पालटून घ्यावी. भिंती व बांकें एवढ्या वेळांत गार होत नाहींत, आणि मुलें परत येऊन बसलीं कीं नवी हवा वर पाहिलेल्या हिशेबानें थोड्याच मिनिटांत पुन्हां तापते.